गिरगावात दोन वर्षं भाड्याने राहिल्यावरचा रिव्ह्यू

दोन वर्षांपूर्वी विरारचं घर बंद करून गिरगावात यायचं ठरलं तेव्हा मी खूप शोधलं होतं, कोणीतरी इथे राहण्याबद्दल सरळ लिहिलंय का, पण मिळालं काय तर नवीन टॉवरच्या जाहिराती नाहीतर जुन्या गिरगावच्या आठवणी. भाड्याने येणाऱ्या माणसाला जे हवं असतं, म्हणजे पाणी किती वाजता येतं, जिना कसा आहे, घरात म्हातारं माणूस असेल तर झेपेल का, ते कोणीच सांगत नव्हतं. म्हणून हे लिहितोय. आम्ही घरात चौघं, मी, बायको, तिसरीतली मुलगी आणि माझी आई, तिला बहात्तर पूर्ण झालीत. पाचपैकी मार्क द्यायचे तर चार देईन, आणि एक का कापला तेही नीट सांगतो.

घर ठाकूरद्वार नाक्यापासून आत एका वाडीत, चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर गॅलरी, संडास आत करून घेतलेला. हे शेवटचं आधी विचारा, कारण बऱ्याच चाळींत अजून कॉमन संडास आहेत आणि ब्रोकर ते दाखवायला नेईपर्यंत सांगत नाहीत. भाडं म्हणाल तर विरारच्या वन बीएचकेच्या जवळजवळ तिप्पट आणि जागा त्याच्या अर्धी. माझं ऑफिस फोर्टला, बायकोचं ऑपेरा हाऊसला, आईची तपासणी इथल्याच हॉस्पिटलात, त्यामुळे रोजचे जायचे दोन तास आणि यायचे दोन तास वाचणार एवढाच हिशोब करून आलो होतो. बाकीचं सगळं इथे आल्यावर कळत गेलं.

पहिली गोष्ट, इथे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, मिनिटांत सांगतात आणि ती मिनिटं पायी चालायची असतात. चर्नी रोड स्टेशन दहा मिनिटं, चौपाटी बारा-पंधरा, भुलेश्वर दहा, भाजी खाली उतरल्यावर दोन मिनिटं, पिठाची गिरणी तीन, शिंपी, भांड्यांना कल्हई नाही पण कुकरची शिट्टी बदलून देणारा, चष्मेवाला, लग्नाच्या पत्रिका छापायच्या असतील तर कांदेवाडी, सगळं पायाखाली. मी सकाळी घाईत नसलो तर मेट्रो सिनेमावरून ऑफिसला चालत जातो, अर्धा-पाऊण तास लागतो. विरारला आमचं कॉम्प्लेक्स मोठं होतं, गार्डन होतं, जिम होतं, पण कोथिंबीर आणायची तरी गेटपर्यंत सात मिनिटं आणि पुढे रिक्षा. आई तिथे चार वर्षं राहिली आणि त्या चार वर्षांत ती एकटी बाहेर पडली असेल फार तर पाच-सहा वेळा. हायवे क्रॉस करायची भीती वाटायची तिला. सगळ्यासाठी "तू आलास की जाऊ" असं म्हणायची आणि मी येईपर्यंत रात्रीचे नऊ.

इथे आल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी दुपारी घरी फोन केला तर कोणी उचलेना. शेजारच्या वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या आजी मघाशीच खाली उतरल्या. मी ऑफिसमधून तसाच निघालो, वाडीच्या तोंडाशी पोचतोय तर समोरून आई येतेय, हातात पिशवी, पिशवीत आळूची पानं. मी जरा ओरडलोच, अगं कुठे गेली होतीस. तर म्हणाली, "कुठे म्हणजे? इथेच होते. फडके गणपतीला गेले, येताना पानं चांगली दिसली." एवढंच. माझ्यासाठी या जागेचा रिव्ह्यू तिथेच झाला होता खरं तर.

आता हे कसं जमतं ते मी नंतर बरेच दिवस बघत होतो, कारण बाहेरच्या रस्त्याचे फुटपाथ काही चांगले नाहीत. जगन्नाथ शंकरशेट रोडवर फुटपाथ आहे पण त्यावर दुचाक्या लावलेल्या, मध्येच लादी उखडलेली, मेट्रोच्या कामात जे खणलं ते काही ठिकाणी नीट बसवलेलं नाही, म्हातारी माणसं उतरून रस्त्यावरून चालतात आणि मागून बस येते. म्हणजे कोणी तुम्हाला गिरगाव चालायला छान आहे म्हणालं तर मेन रोड बघून तुम्हाला पटणार नाही. चालणं आहे ते आतून. वाड्यांमधून. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट, ही नावंच बघा, एकेकाळी इथे फणस, केळी, बोरी, मुगाची शेतं होती म्हणतात आणि भाट म्हणजे लागवडीची जमीन. त्या बागा गेल्या, जमिनींवर चाळी उभ्या राहिल्या पण बागांमधून जायच्या ज्या पायवाटा असतात तशाच चिंचोळ्या बोळी राहिल्या, त्यात गाडी शिरतच नाही. एका वाडीतून दुसरीत जायला मागून वाट असते, कुठे चाळीच्या जिन्याखालून, कुठे देवळाच्या बाजूने. गेल्या वर्षापर्यंत आई देवळात जायची ती अशी आतून जायची, मोठा रस्ता फक्त एकदा ओलांडावा लागायचा आणि तोही सिग्नलला. वाटेत चारजण ओळखीचे, कोणी ना कोणी ओट्यावर बसलेलं असायचं, ती दमली की तीही बसायची. कोणी डिझाइन केलेलं नाही हे, पण ज्याने कोणी नुसत्या नकाशावर घर शोधलं त्याला हे दिसणारच नाही, त्यामुळे घर बघायला याल तेव्हा टॅक्सीने दारात उतरू नका, स्टेशनवरून आतल्या वाटेने चालत या.

खोताची वाडी तर सगळ्यांना माहीत असते, फोटो काढायला येतात लोक. वामन हरी खोतांनी तिथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन, कुटुंबांना विकली आणि त्यांनी ही लाकडी घरं बांधली, बाहेरून जिना, पुढे व्हरांडा, कौलं. पासष्टच्या आसपास घरं होती म्हणतात, आता त्याच्या अर्धी पण नाहीत. आमची मुलगी शाळेतून येताना तिथून यायचा हट्ट करते, नाताळात प्रत्येक घरावर चांदणी लागलेली असते तेव्हा तर रोजच. एक विनंती, बघायला या पण खिडकीत कॅमेरा घालू नका, आत माणसं जेवत असतात, दुपारी झोपलेली असतात.

इतिहास म्हणून वेगळं काही बघायला जावं लागत नाही हे मला इथलं फार आवडतं. मुलीला सोडायला जाताना आम्ही केशवजी नाईकांच्या चाळींवरून जातो, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथे बसला १८९३ ला आणि १९०१ ला टिळक स्वतः तिथे आले होते. आजही मूर्ती लहानच असते, पालखीतून येते. पहिल्या वर्षी मी मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो, लेझीम चालू होतं आणि बाजूचे एक काका शांतपणे सांगत होते की त्यांचे पणजोबा याच चाळीत राहायचे. मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरमध्ये आपण कपडे घ्यायला जातो ती जागा म्हणजे मॅजेस्टिक सिनेमा, भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला तिथे लागला. चौपाटीवर संध्याकाळी आई ज्या टिळकांच्या पुतळ्याजवळ टेकते तिथेच १९२० च्या ऑगस्टमध्ये टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. हे सगळं भाजी आणता आणता पायाखालून जातं, आणि मुलीला आता ते पाठ झालंय, पुस्तकात वाचून नाही, रोजचा रस्ता म्हणून.

खाण्याबद्दल लिहायलाच हवं. विनय हेल्थ होमची मिसळ आम्ही महिन्यातून दोनदा तरी खातो, तिखट आहे पण जळजळ नाही, आणि रविवारी सकाळी नऊच्या आत जा नाहीतर उभं राहावं लागतं. प्रकाशचा साबुदाणा वडा बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, आईच्या मते तिच्या हातच्यापेक्षा किंचित जास्त तळलेला, माझ्या मते बरोब्बर. पणशीकरांकडचं पियुष मी ऑफिसमधल्या लोकांना मुद्दाम आणून पाजलंय, श्रीखंड ताकात घुसळलेलं, घट्ट, गार, उन्हाळ्यात दुसरं काही नको वाटतं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, आम्ही यायच्या खूप आधी, पण जुनी माणसं अजून तिथल्या माशांच्या जेवणाबद्दल बोलत असतात आणि ते ऐकून वाईट वाटतं की आपल्याला ते मिळालं नाही.

पण मला जास्त सांगायचंय ते गिरणीबद्दल. विरारला आम्ही पॅकेटचंच पीठ खायचो, गिरणी होती पण लांब. इथे आई डबा घेऊन जाते, गिरणीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, गहू भाकरीच्या पिठामागे टाकू का थांबता?" आई म्हणाली थांबते. त्या दिवसापासून त्याला कळलं ही बाई पिठाच्या बाबतीत काटेकोर आहे आणि आता तिचा डबा तो बाजूला ठेवतो आणि गव्हाची पाळी आली की टाकतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः गेलो होतो, मोदकाची पिठी काढायची होती, आईने आंबेमोहर धुऊन दोन दिवस घरात पंख्याखाली सावलीत वाळवलेला. सकाळी गिरणीत आधीपासून बारा-तेरा डबे रांगेत, सगळ्यांत तांदूळ, कारण त्या आठवड्यात तो सकाळचं दळण फक्त तांदळाचंच घेतो, जात्यात गव्हाचा एक कण राहिला तरी उकड फाटते म्हणतात. पट्ट्याचा आवाज, सगळीकडे पांढरी धूळ, भुवया पांढऱ्या झालेला तो माणूस दोन बोटांत पिठी चोळून बघतोय, मग परत एकदा टाकली त्याने न सांगता, आणि म्हणाला "आता घ्या, पारीला चिरा पडणार नाहीत." घरी आणलेला डबा गरम होता. मी तो तसाच गरम हातात घेऊन तीन मिनिटं चालत आलो, आणि खरं सांगतो मला तेव्हा वाटलं की आपण जे जास्तीचं भाडं देतोय ते यासाठी.

रात्रीचं पण सांगतो. साहित्य संघात एखाद्या नाटकाचा प्रयोग असला की आम्ही दोघं जेवून जातो आणि संपलं की केळेवाडीतून गप्पा मारत घरी, विरारला असताना तिसऱ्या अंकात माझं लक्ष घड्याळात असायचं लोकलसाठी. बायको रात्री साडेदहाला एकटी चालत येते आणि तिला भीती वाटत नाही, कारण गॅलऱ्यांमध्ये माणसं असतात. आणि आता भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, गिरगावातच स्टेशन आलं, आई मंगळवारी सिद्धिविनायकाला बसलेल्या जागेवरून जाऊन येते. बरोबर तिच्या वयाच्या दोन मैत्रिणी असतात, त्या पण इथेच झाल्या.

आता एक मार्क का कापला ते. पाणी आमच्याकडे पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं, कोणीतरी उठावंच लागतं, आम्ही दोघांनी दिवस वाटून घेतलेत. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, कपडे वाळत नाहीत. लिफ्ट नाही. गणपतीत दहा दिवस आवाज असतो, विसर्जनाच्या दिवशी चौपाटीकडे जाणारा प्रत्येक रस्ता भरलेला असतो, ज्याला ते सोसत नाही त्याने इथे येऊ नये, आम्हाला आवडतं पण आईला अनंत चतुर्दशीला कानात कापूस घालून बसावं लागतं. गाडी असेल तर विचार सोडून द्या, आम्ही आमची विकली.

पैशांचं आणि कागदांचं जरा नीट वाचा कारण यात आमचे हाल झालेत. इथल्या बहुतेक जुन्या खोल्या मालकीच्या नसतात, पागडीच्या असतात. म्हणजे जो माणूस तुम्हाला खोली देतोय तो स्वतः भाडेकरू असतो आणि इमारतीचा मालक वेगळाच. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तो पोटभाडेकरू ठेवू शकत नाही. आम्ही पहिल्यांदा जी खोली पसंत केली त्याच्या ब्रोकरने हे सांगितलंच नाही, टोकन घेतलं, आणि अग्रीमेंट करायची वेळ आली तेव्हा मालकाची परवानगीच नाही असं निघालं, पैसे परत मिळायला दीड महिना फेऱ्या मारल्या. त्यामुळे आधी परवानगीचं पत्र बघा, मग टोकन. अग्रीमेंट रजिस्टर झालंच पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते बंधनकारक आहे, "इथे कोणी करत नाही" हे ऐकू नका. आणि पावसाळ्याच्या आधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, ती बघूनच या, भिंतीच्या रंगावर जाऊ नका.

इमारतींची अशी अवस्था का झाली हे मलाही आधी माहीत नव्हतं. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या आकड्यावर बांधली, ती वाढलीच नाहीत म्हणायला हरकत नाही, मग मालक दुरुस्ती कशातून करणार, आणि भाडेकरू सोडून जाणार नाही कारण पागडी, म्हणजे आत येतानाच एकरकमी मोठी रक्कम, भरलेली. दोन्ही बाजूंनी लाकूड तसंच कुजत राहिलं. त्यामुळे इथल्या मूळ लोकांना जेव्हा टॉवरमध्ये लिफ्ट आणि घरात स्वतःचा संडास मिळतो तेव्हा मी त्यांना काय सांगणार की चाळ वाचवा, मी तर भाड्याने आलेला माणूस. शेजारच्या आजोबांनी चाळीस वर्षं गळक्या छताखाली काढलीत, त्यांना नवीन घर मिळायलाच हवं.

माझं दुःख वेगळं आहे आणि ते मला पटवून सांगता येईल का बघतो. आईच्या देवळाच्या वाटेत एक जुनी चाळ होती, तिच्या जिन्याखालून पलीकडच्या वाडीत जाता यायचं. गेल्या वर्षी तिथे पत्रे लागले, काम सुरू झालं. शेजारी जो टॉवर आधीच उभा राहिलाय तिथे काय झालंय ते दिसतंच, खाली चार-पाच मजले नुसतं पार्किंग, रस्त्याला भिंत, एक गेट आणि वॉचमन, आतून कोणी जाऊ शकत नाही. तशीच ही वाट पण गेली. आता आईला मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागतं, त्याच फुटपाथवरून जिथे दुचाक्या लावलेल्या असतात, आणि ती आठवड्यातून चार दिवसांऐवजी दोन दिवस जाते. तिने तक्रार केली नाही, मीच मोजलं. पुनर्विकास करा पण त्या वाटा नकाशावर काढा आणि सोडा, सहा फूट जागा, रात्री दिवा, बसायला एक ओटा, एवढंच लागतं. गिरगावातून ती वाट काढली तर मग उरलेलं विरारलाही मिळतं, तेही स्वस्तात.

हे मी वॉर्ड ऑफिसला लेखी दिलंय, वाडीतल्या एकतीस जणांच्या सह्या घेतल्या, त्यात आईची पहिली.

पुढच्या महिन्यात अकरा महिन्यांचं अग्रीमेंट परत करायचंय आणि आम्ही करतोय. मूळ भाडेकरू काकांशी बोलताना आम्ही दोन गोष्टी मागितल्या, जिन्यात दिवा आणि नवीन दोर. इथे चाळींच्या लाकडी जिन्यात वरून खाली जाडजूड दोर सोडलेला असतो, तो धरून चढायचं, कठड्यापेक्षा त्याचाच आधार जास्त असतो. आमचा जुना दोर हातांनी काळा आणि गुळगुळीत झाला होता आणि मधोमध पीळ सुटत चालला होता, पावसाळ्यात आईचा हात एकदा निसटला, दोन पायऱ्या घसरली, घोटा सुजला, सुदैवाने हाड वाचलं. दिव्याचं काकांनी लगेच केलं. दोरासाठी मजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांनी वर्गणी काढली, मी आणि वहिनींचा मुलगा भुलेश्वरच्या बाजूला जाऊन काथ्याचा घेऊन आलो, खांद्यावर टाकून चालतच, आणि रविवारी वरच्या तुळईला गाठ मारून सोडला. नवीन आहे म्हणून अजून पिवळाधम्मक आणि राठ आहे, तळव्याला टोचतो. आई सोमवारी सकाळी तो धरून खाली उतरली, गिरणीत जायचं होतं.